झाडून घेतलेलं घर

फोटो काढायचा म्हटला की माणसाचा हात आधी केसांकडे जातो. मग तो फोटो लग्नाचा असो नाहीतर नोकरीच्या अर्जावर चिकटवायचा असो. धाकटीच्या स्टुडिओत रोज हेच चालायचं. कुणी म्हणायचं, "ताई, गालावरचा डाग तेवढा उडवा." कुणी म्हणायचं, "पोट आत दिसेल असं काहीतरी करा की!" एक निवृत्त पोस्टमास्तर तर वर्षाआड नवा फोटो काढून घ्यायचे आणि दर वेळी बजावायचे, "मी गेल्यावर भिंतीवर लावायचाय हा. तेव्हा जरा टवटवीत दिसू दे."

स्टुडिओ मूळचा सासऱ्यांचा. धाकटी सून म्हणून या घरात आली तेव्हा तिला कॅमेऱ्याचं पुढचं कुठलं आणि मागचं कुठलं एवढंच ठाऊक होतं. सासऱ्यांनी तिला शेजारी उभं करून सगळं शिकवलं. त्यांची पहिली शिकवण अशी, की पहिला फोटो उजेडाचा. माणूस खुर्चीत टेकतोय, पदर नाहीतर कॉलर सावरतोय, तेवढ्यात एक फोटो काढून घ्यायचा आणि उजेड कुठून किती येतोय ते बघायचं. दुसरी शिकवण अशी, की हा उजेडाचा फोटो कुणालाही दाखवायचा नाही.

"का हो, मामा?" तिने विचारलं होतं.

"त्यात माणूस तयार नसतो गं. तयार नसलेल्या माणसाला चारचौघांत उभं करायचा आपल्याला काय हक्क?"

सासरे गेले, स्टुडिओ तिच्याकडे आला. नवरा इस्पितळाच्या गाडीवर ड्रायव्हर. लढाई सुरू झाल्यापासून तो घरी कधी येईल, किती वेळ थांबेल, याचा काही नेम नव्हता. खाली स्टुडिओ, वर दोन खोल्या, कडेवर दीड वर्षाची बबडी आणि वर सूत्रधार म्हणून सासूबाई, असा धाकटीचा संसार होता.

थोरली जाऊ पलीकडे, बंद पडलेल्या सूतगिरणीच्या मागच्या गल्लीत राहायची. थोरले दीर जहाजावर. घरात ती आणि तिची मुलगी मुंगी. मुलीचं शाळेतलं नाव वेगळं होतं, पण सारखं काहीतरी उचलून कुठेतरी नेऊन ठेवायची खोड, म्हणून सगळे तिला मुंगीच म्हणत. तिच्या फ्रॉकच्या खिशात कायम खडे. धुवायला टाकताना थोरली खिसे उलटे करायची आणि ओरडायची, "अगं, घर बांधायचंय का तुला?"

त्या सकाळी मुंगीला ताप होता. ती झोपलेली बघून थोरली कोपऱ्यावरच्या नळाला पाणी आणायला गेली. विमानं आली ती तेव्हाच. गिरणीला काही झालं नाही. गल्ली मात्र मधोमध कापल्यासारखी झाली. थोरली हातात रिकामी बादली घेऊन परत आली, आणि मुंगी गेली होती.

पुढे काही दिवसांनी ढिगारे उचलायला नगरपालिकेचं मशीन येणार असं कळलं. गल्लीतला शिंपी म्हणाला, "त्याआधी फोटो काढून ठेवा. उद्या कुणी विचारलं तर दाखवायला काहीतरी असू दे." म्हणून धाकटी कॅमेरा घेऊन गेली. बबडीला घेऊन सासूबाईही मागोमाग आल्या.

धाकटी पोचली तेव्हा थोरली झाडत होती. घराला पुढची भिंत नव्हती, छप्पर अर्धं होतं, आणि ही बाई अंगावरच्या मळक्या गाऊनमध्ये, केस मोकळे सोडून, स्वयंपाकघर होतं तिथली जमीन झाडत होती. शेजारी शिंपी नुसत्या बनियनवर, एक हात गळ्यात बांधलेला, दुसऱ्या हाताने विटा रचत होता. धाकटीच्या हातांनी आपलं आपण काम सुरू केलं. कॅमेरा वर गेला. उजेडाचा एक. ऊन ढगाआड गेलं, म्हणून आणखी एक. पुन्हा ऊन आलं, म्हणून आणखी.

तेवढ्यात कुणीतरी म्हणालं, "अरे थांबा, फोटोवाली आली!" आणि गल्ली कामाला लागली. ज्याच्या हाताला जे लागलं त्याने तो झाडायला लागला. शिंप्याने कुठूनसा कोट शोधून आणला आणि दुखऱ्या हातावरून चढवून त्याने सगळी बटणं लावली. पलीकडच्या आजींनी कानांतली फुलं घासून पुसून पुन्हा घातली. थोरली चांगली साडी नेसली आणि तिने फुटक्या भिंतीवर फुलाफुलांची चादर टांगली. सासूबाईंनी पिशवीतून कंगवा काढून सगळ्यांच्या डोक्यावरून फिरवला, अगदी शिंप्याच्यासुद्धा. तो "अहो मावशी, अहो मावशी" करत राहिला. ढग येत-जात होते, म्हणून धाकटी मधूनमधून उजेडाचे फोटो घेतच होती.

यात काही वेगळं होतंय असं कुणालाच वाटलं नाही. धाकटीलाही नाही. फोटो म्हणजे हेच तर असतं. सगळे ओळीने उभे राहिले आणि ती नेहमीसारखी म्हणाली, "हनुवटी थोडी वर. डोळे मिटू नका हं." शिंप्याने तर सवयीने ओठ पसरून हसूही आणलं.

नंतर कॉम्प्युटरवर बसून तिने थोरलीच्या कपाळावर राहून गेलेला धुळीचा पट्टा पुसला, सावल्या थोड्या उजळल्या, आणि विमानहल्ल्याची चौकशी करायला आलेल्या समितीकडे तो फोटो पाठवून दिला. तोवर मशीन येऊन गेलं होतं. गल्लीच्या जागी सपाट माती उरली होती, आणि थोरली धाकटीकडे राहायला आली होती.

मग एका दुपारी चौकशी समितीच्या बाई स्टुडिओत आल्या. खांद्याला जड पिशवी, पायांत धुळीने भरलेले बूट, आवाज बसलेला. खुर्चीवर बसल्या तोच बबडीने त्यांच्या बुटाची नाडी धरून ओढली.

"असू दे, असू दे," बाई म्हणाल्या. "आज पहिल्यांदाच कुणीतरी मला बघून खूष झालंय."

मग त्यांनी पिशवीतून तो फोटो काढून टेबलावर ठेवला.

"ही चादर आधीपासून होती इथे?"

"नाही. ताईंनी लावली. म्हणजे माझ्या जावेने. फुटकी भिंत दिसत होती ना."

"आणि ही जमीन?"

"झाडली सगळ्यांनी."

"कपडे?"

"बदलले." धाकटीने फोटो उचलून पुन्हा पाहिला. "फोटो काढायचा होता म्हणून."

बाईंनी चष्मा काढून डोळे चोळले. "माझी आईही हेच करायची. आमच्याकडे डॉक्टर घरी यायचा तर आधी आजाऱ्याला उठवून चादर बदलायची ती. मला कळतंय तुमचं. पण विमानं ज्यांची होती ते म्हणतात, गिरणीमागे शस्त्रांचं गोदाम होतं, तिथे कुणी राहतच नव्हतं. हा फोटो त्यांना दाखवला तर म्हणाले, हा देखावा आहे. बाँब पडलेली माणसं अशी दिसतात का? कोट घातलेली, भांग पाडलेली? माणसं बाहेरून आणून उभी केलीत, असं त्यांचं म्हणणं."

"बाहेरून? अहो, तो शिंपी तिथेच जन्मलाय!"

"मला पटतंय. पण मला पटून काय उपयोग? माझ्या हातातला कागद बोलला पाहिजे. तो बोलला नाही, तर अहवालात गोदाम एवढंच लिहिलं जाईल." बाई थोडं पुढे वाकल्या. "झाडायच्या आधीचा एखादा फोटो नाही का तुमच्याकडे?"

धाकटीने बबडीला उगाचच उचलून घेतलं. "आहेत. पण ते देण्यासारखे नाहीत."

"फार भयंकर आहेत?"

"नाही हो. रक्त वगैरे काही नाही त्यात. नुसती माणसं तयार नाहीत."

बाई यावर हसल्या नाहीत, की तिला समजवायलाही गेल्या नाहीत. "माणसांना विचारा," एवढंच म्हणाल्या. "परवा सकाळपर्यंत आहे मी इथे."

संध्याकाळी स्वयंपाकघरात धाकटीने विषय काढला मात्र, सासूबाई कडाडल्या. थोरली मागच्या गॅलरीत बबडीचे कपडे काढायला गेली होती, म्हणून तो कडकडाट कुजबुजीत चालला होता एवढंच.

"शहाणी आहेस का? घरची सून ती माझी. तिला मळक्या गाऊनवर, केस सोडून जगाला दाखवायची? असले फोटो कुठेकुठे जातात, ठाऊक आहे ना? पेपरात येतील. लोक त्यात भाकरतुकडा बांधून नेतील. जग काय म्हणेल?"

"जग सध्या म्हणतंय की ती तिथे राहतच नव्हती, आई."

सासूबाईंनी वळून विचारलं, "म्हणजे मुंगीपण नव्हती म्हणतात?"

"हो. मुंगीपण."

सासूबाईंनी उतू न चाललेल्या दुधाखालचा गॅस बंद केला आणि ओट्याला धरून उभ्या राहिल्या.

"काय दाखवायचं नाहीये मला?" दारातून थोरलीने विचारलं. तिच्या खांद्यावर बबडीची झबली होती. ती या घरी राहायला आल्यापासून इतकं लांब वाक्य कुणी तिच्या तोंडून ऐकलं नव्हतं.

दोघी जावा खाली स्टुडिओत गेल्या. धाकटीने कॉम्प्युटर लावला. "ताई, नको वाटलं तर लगेच सांगा. मी बंद करते."

"तू लाव गं."

पहिला उजेडाचा फोटो पडद्यावर आला. धाकटी फोटोकडे न बघता थोरलीच्या तोंडाकडे बघत राहिली. आता ही रडेल, आता उठून जाईल. थोरलीने मात्र स्वतःकडे पाहिलंच नाही. वाकलेली पाठ, पिंजारलेले केस, गाऊनची उसवलेली बाही, सगळं ओलांडून तिने बोट वरच्या कोपऱ्यावर ठेवलं.

"हे मोठं कर."

धाकटीने मोठं केलं. मागच्या दोन खिळ्यांना बांधलेली तार तशीच राहिली होती, आणि तिच्यावर चिमट्यांनी लावलेला एक लहान फ्रॉक होता. धुळीने राखाडी झालेला. एका बाजूचा खिसा खाली लोंबणारा.

"आदल्या संध्याकाळी धुतला होता," थोरली म्हणाली. "पुढचा लाव."

पुढच्या फोटोत ती तारेखाली चवड्यांवर उभी होती, दोन्ही हात वर. त्याच्या पुढच्यात तिने फ्रॉक झटकला होता आणि धुळीचा ढग उन्हात उभा राहिला होता. त्याच्याही पुढच्यात ती उलट्या पडलेल्या पिंपावर फ्रॉक पसरून त्याची घडी घालत होती. बाह्या आत, मग मधोमध. धाकटीने हे फोटो ऊन मोजायला काढले होते. त्यांत एवढं सगळं आहे हे तिला आज, थोरलीच्या शेजारी बसून बघताना कळत होतं.

"फोटोत वाळत घातलेले कपडे बरे दिसत नाहीत ना," थोरली म्हणाली. "म्हणून काढला. मीच काढला गं. माझी मुलगी तिथे राहायची याची तेवढीच एक खूण उरली होती, आणि ती मीच घडी घालून आत ठेवली."

"आणि मी तुम्हाला सांगत होते, हनुवटी वर करा."

थोरलीने तिच्याकडे पाहिलं. "तू तर माझ्या कपाळावरची धूळसुद्धा पुसलीस की. बघितलं मी त्या फोटोत. तीळ तरी ठेवलायस का?"

"तीळ ठेवलाय."

"उपकार झाले."

दोघींना एकदमच हसू फुटलं आणि हसता हसता ते कधी रडण्याकडे वळलं ते दोघींनाही कळलं नाही. धाकटीने जावेचं डोकं आपल्या खांद्याशी धरलं. वरून बबडीच्या दुडुदुडु धावण्याचा आणि सासूबाईंच्या "पडशील, पडशील" चा आवाज येत होता. बऱ्याच वेळाने थोरलीने नाक पुसलं.

"दे त्यांना. पण हे एकटे देऊ नकोस. तो झाडलेलाही असू दे बरोबर. सगळे ओळीने दे. विचारू देत मला, का झाडलंस म्हणून. मी सांगेन."

दुसऱ्या दिवशी धाकटी फोटोतल्या बाकीच्यांकडे जाऊन आली. आजींनी "माझ्या कानांत फुलं दिसताहेत ना?" एवढंच विचारून मान हलवली. शिंप्याने फोटो डोळ्यांजवळ नेऊन निरखला.

"बनियनला भोक दिसतंय."

"दिसतंय."

"शिंप्याच्या बनियनला भोक! संपला माझा धंदा." मग फोटो परत देताना हळूच म्हणाला, "द्या ताई. मी हसतोय तो पण द्या. मला वाईट वाटत नव्हतं असं नाही हो. कॅमेऱ्यासमोर तोंड आपोआप तसं होतं."

तिसऱ्या दिवशी सकाळी बाई आल्या. धाकटीने सगळे फोटो काढले त्या क्रमाने टेबलावर मांडले होते, आणि मूळ फायलीही दिल्या, कुठेही हात न लावलेल्या. बाई एकेका फोटोवर वाकून बसल्या. पडलेली भिंत, तार, फ्रॉक, झटकणं, घडी, झाडणं, चादर, कोट, कंगवा. शेवटी ओळीने उभी असलेली माणसं. चादर, कोट, साडी, सगळं कुठून आणि कसं आलं ते आता डोळ्यांसमोर पायरीपायरीने दिसत होतं.

थोरली समोरच्या खुर्चीत बसली होती, हात मांडीवर. एक लहानशी घडी तिने हातांखाली धरली होती. ती कसली हे धाकटीला आता सांगावं लागलं नाही. उशीखाली ठेवलेली असणार इतके दिवस.

"मला एवढंच सांगा," बाई म्हणाल्या, "का झाडलंत?"

"घर होतं म्हणून." थोरली म्हणाली. "कुणी यायचं असलं की आपण झाडून घेतो की नाही? आली माझी जाऊच होती, पण कॅमेरा घेऊन आली की ती पाहुणीच. गोदाम असतं तर मी कशाला झाडलं असतं हो? त्याची लाज कुणाला वाटते?"

बाई लिहीत राहिल्या. "हे इथे?"

"स्वयंपाकघर. इथे ओटा होता. इथे तिचा बिछाना. खिडकीतून ऊन यायचं म्हणून डोकं या बाजूला करायची."

"आणि फ्रॉक कुणाचा?"

"मुंगीचा," थोरली म्हणाली. मग शाळेत घातलेलं पूर्ण नाव सांगितलं, बापाच्या नावासकट, आडनावासकट, एकेक अक्षर सुटं करून, बाईंचं लिहून होईपर्यंत थांबत.

"वय?"

"पुढचे दात पडले होते. नवीन यायचे होते अजून."

बाईंचं पेन क्षणभर थांबलं. मग त्यांनी तसंच्या तसं लिहिलं.

"मी तुम्हाला खोटी आशा दाखवणार नाही," सगळं आवरून त्या म्हणाल्या. "पुढे कुणाला काय शिक्षा होईल, होईल की नाही, ते माझ्या हातात नाही. पण अहवाल माझ्या हातचा आहे. त्यात मी 'राहतं घर' असं लिहिणार, आणि कोण राहायचं तेही लिहिणार. खाली हे फोटो जोडणार. तुमचाही एक आजचा फोटो लागेल, जबाबाला लावायला."

सासूबाई इतका वेळ जिन्यात बसून ऐकत होत्या. आता त्या उतरून आल्या. थोरलीच्या मागे उभ्या राहिल्या, पिशवीतून कंगवा काढला आणि तिचे केस सोडवायला लागल्या. हळूहळू, गुंता वरच्या वर धरून, तिला ओढ लागू नये अशा बेताने. थोरलीने डोळे मिटून घेतले. मांडीवरच्या घडीवर तिचे हात तसेच होते.

ऊन खिडकीतून तिरकं येत होतं. धाकटीने सवयीने कॅमेरा उचलला आणि एक फोटो काढला.

थोरलीने डोळे उघडले. "हा उजेडाचा ना?"

"हो. आई, तुम्ही जरा बाजूला व्हा, आता नीट एक घेते."

सासूबाई कंगवा घेऊन सरकायला लागल्या. थोरलीने हात मागे नेऊन त्यांचं मनगट धरलं.

"राहू द्या, आई. तू हाच दे गं त्यांना."